किंग काउंटीतला फेलनीचा खटला कसा शोधायचा: नावापासून सही-शिक्क्याच्या नकलेपर्यंत

अमेरिकेत गंभीर गुन्ह्याचे, म्हणजे फेलनीचे, बहुतेक खटले काउंटीच्या पातळीवर चालतात. देशात तीन हजारांहून जास्त काउंट्या आहेत आणि कागद ठेवण्याची, दाखवण्याची रीत राज्यागणिक, बरेचदा काउंटीगणिक बदलते. त्यामुळे 'अमेरिकेत एखाद्याचं क्रिमिनल रेकॉर्ड कसं बघायचं?' या प्रश्नाला एकच एक उत्तर नाही. हा लेख फक्त वॉशिंग्टन राज्यातल्या किंग काउंटीपुरता आहे. सिएटल, बेलव्ह्यू, रेडमंड, समामिश, रेंटन, केंट हे सगळं तिच्यातच येतं, आणि सॉफ्टवेअरच्या नोकऱ्यांमुळे मराठी घरंही इथे पुष्कळ आहेत.

खोली भाड्याने द्यायची असते, मुलांसाठी नॅनी ठेवायची असते, नाहीतर स्वतःचीच जुनी भानगड ग्रीन कार्डाच्या अर्जात दाखवायची असते. अशा वेळी माणूस गूगलवर नाव टाकतो आणि समोर आलेल्या पहिल्या 'पीपल सर्च' साइटला पैसे देऊन मोकळा होतो. त्या साइटींनी कोर्टाची यादी कधीतरी उचललेली असते. पुढे खटला काढून टाकला गेला, शिक्षा रद्द झाली, तरी तिथे तेच जुनं पान राहतं, आणि एकाच नावाच्या दोन माणसांची सरमिसळ तर नेहमीचीच. कोर्टाचा मूळ कागद त्याहून स्वस्त पडतो. फक्त तो कुठल्या खिडकीवर मिळतो ते माहीत हवं.

कोर्ट कुठलं?

मराठी माणसाची पहिली चूक इथेच होते. आपल्याकडे जिल्हा न्यायालय म्हणजे जिल्ह्यातलं सर्वांत वरचं कोर्ट. किंग काउंटीत नेमकं उलट आहे. 'किंग काउंटी डिस्ट्रिक्ट कोर्ट' हे खालचं कोर्ट: वाहतुकीचे दंड, छोटे दावे, मिसडिमिनर (जास्तीत जास्त ९० दिवस कैद) आणि ग्रॉस मिसडिमिनर (जास्तीत जास्त ३६४ दिवस). फेलनी चालते ती 'किंग काउंटी सुपिरिअर कोर्टा'त. सुपिरिअर म्हणजे आपलं सेशन्स कोर्ट आणि डिस्ट्रिक्ट म्हणजे मॅजिस्ट्रेट कोर्ट, एवढं डोक्यात ठेवलं की निम्मा गोंधळ मिटतो.

'यूएस डिस्ट्रिक्ट कोर्ट' हे आणखी तिसरंच. ते केंद्र सरकारचं, आणि त्याचे कागद काउंटीकडे नसतातच. त्याबद्दल पुढे येईलच. सिएटलसारख्या शहरांची स्वतःची म्युनिसिपल कोर्टंही आहेत, पण तिथे फेलनी चालत नाही.

वॉशिंग्टनमध्ये फेलनीचे तीन वर्ग आहेत. 'ए' वर्गाला जन्मठेपेपर्यंत कैद आणि ५०,००० डॉलरपर्यंत दंड, 'बी'ला १० वर्षं आणि २०,००० डॉलर, 'सी'ला ५ वर्षं आणि १०,००० डॉलर. ही कमाल मर्यादा झाली. प्रत्यक्ष शिक्षा ठरते ती गुन्ह्याची गंभीरता आणि आरोपीचा आधीचा इतिहास यांच्या कोष्टकावरून. वर्ग लिहून ठेवा, कारण शिक्षा पुढे रद्द करून घेता येते की नाही हे त्यावर अवलंबून असतं.

अटकेनंतरचा क्रमही समजून घ्यायला हवा. फेलनीच्या संशयावरून पकडलेला माणूस पहिल्यांदा उभा राहतो तो बहुधा डिस्ट्रिक्ट कोर्टाच्या न्यायाधीशापुढे. त्यानंतर सरकारी वकिलाने शनिवार, रविवार आणि सुट्ट्या सोडून ७२ तासांत आरोप दाखल केले नाहीत, तर त्याला सोडावं लागतं. आरोप दाखल झाले की सुपिरिअर कोर्टात नवा नंबर पडतो. म्हणून काल रात्रीच्या अटकेचा खटला आज सकाळी सुपिरिअर कोर्टाच्या यादीत सापडणार नाही. तुरुंगाच्या नोंदवहीत मात्र नाव दिसेल. नाव, कैदेचं कारण आणि वेळ एवढी नोंदवही या राज्यात सार्वजनिक आहे आणि काउंटीच्या संकेतस्थळावर बघता येते. पण ती झाली अटकेची नोंद. तिला खटला समजू नका, गुन्हा शाबीत झाला असं तर अजिबातच नाही.

नावाचं काय करायचं

शोधाला बसण्यापूर्वी कागदावर चार गोष्टी लिहा: पूर्ण नाव, जन्मतारीख, घटनेचं अंदाजे साल, शहर. जन्मतारीख बरेचदा शोधाच्या चौकटीत टाकता येत नाही, पण सापडलेला माणूस हाच का, हे ताडायला शेवटी तीच कामी येते.

मराठी नावांच्या बाबतीत एकदा शोधून थांबू नये. पहिलं नाव, वडिलांचं नाव, आडनाव या त्रिकुटातलं मधलं नाव अमेरिकन फॉर्मवर कधी गाळलं जातं, कधी आडनावाला चिकटतं, तर कधी तेच आडनाव होऊन बसतं. तिन्ही मांडण्या करून बघा. स्पेलिंगचं तर विचारूच नका. 'चव्हाण' चार तऱ्हांनी लिहितात आणि 'वाघ' व्हीनेही सुरू होतो, डब्ल्यूनेही. लग्नानंतर आडनाव बदललेल्या बाईचं माहेरचं नाव तपासावंच. आपल्यात काही घरांत लग्नात पहिलं नावसुद्धा बदलतात, तेव्हा पासपोर्टवर नेमकं कुठलं होतं ते विचारून घ्या.

एक खास अडचण एकेरी नावाची. पासपोर्टवर नाव एकाच रकान्यात असेल, तर अमेरिकन व्हिसावर ते आडनावाच्या जागी जातं आणि पहिल्या नावाच्या जागी 'एफएनयू' छापलं जातं, म्हणजे 'पहिलं नाव अज्ञात'. तीच अक्षरं पुढे लायसन्सवर आणि तिथून पोलिसांच्या कागदावर उतरतात. अशा माणसाला शोधताना पहिलं नाव म्हणून ही तीन अक्षरं टाकून बघायची.

पायरीपायरीने शोध

१. आधी राज्याच्या कोर्टांचं संकेतस्थळ उघडा. 'वॉशिंग्टन कोर्ट्स'च्या या साइटवर नावावरून खटले शोधायची मोफत सोय आहे आणि खालपासून वरपर्यंतच्या कोर्टांच्या नोंदी तिथे एकत्र दिसतात. माणूस किंग काउंटीत राहतो म्हणून गुन्हा तिथेच घडला असेल असं नाही. शेजारच्या स्नोहोमिश किंवा पिअर्स काउंटीतला खटला इथेच ध्यानात येतो. मात्र ही यादी अधिकृत कागद नव्हे, हे साइट स्वतःच सांगते. तिचा उपयोग दिशा कळण्यापुरता.

२. सापडलेले खटल्यांचे नंबर उतरवून घ्या. नावावर भिस्त ठेवायची ती इथपर्यंतच, पुढचं सगळं काम नंबरावर.

३. आता सुपिरिअर कोर्टाच्या क्लार्कचं पोर्टल उघडा, त्याला 'केसी स्क्रिप्ट पोर्टल' म्हणतात. क्लार्कचं ऑफिस 'डिपार्टमेंट ऑफ ज्युडिशियल अ‍ॅडमिनिस्ट्रेशन' या खात्यात येतं. न्यायाधीशांची वेबपानं वेगळी आणि कागद सांभाळणारं हे खातं वेगळं, त्यामुळे चुकीच्या पानावर शोधत बसू नका. इथे नंबर टाका. राज्याच्या साइटवर काहीच मिळालं नसेल, तर नावानेही पुन्हा शोधा.

४. खटला उघडला की त्याचा रोजनामा, म्हणजे दाखल कागदांची तारीखवार यादी, दिसते. ती आधी शेवटापासून वाचा. निकाल, रद्द करण्याचा हुकूम, अपील हे सगळं शेवटाकडे असतं. सुरुवातीलाच आरोपाचं नाव वाचून ज्यांनी मत बनवलं, ते पुढचं नीट वाचत नाहीत.

५. हवे ते कागद निवडून विकत घ्या. कुठले निवडायचे ते पुढे आहे.

६. शेवटी डिस्ट्रिक्ट कोर्टाच्या वेगळ्या पोर्टलवर तेच नाव टाका. फेलनी म्हणून सुरू झालेलं प्रकरण तडजोडीत ग्रॉस मिसडिमिनरवर आलं असेल, तर धागा तिथेही सापडू शकतो.

नंबर काय सांगतो

सुपिरिअर कोर्टाचा नंबर असा दिसतो: २१-१-०००००-० एसईए. (हा नुसता साचा आहे.) पहिले दोन आकडे दाखल झाल्याचं साल, त्यापुढचा एकटा आकडा खटल्याचा प्रकार, मग अनुक्रमांक, आणि शेवटचा एक आकडा टायपातली चूक पकडण्यासाठी. 'एसईए' म्हणजे सिएटल, 'केएनटी' म्हणजे केंट.

सगळ्यात महत्त्वाचा तो मधला आकडा. १ म्हणजे फौजदारी, २ दिवाणी, ३ घटस्फोट वगैरे कौटुंबिक, ४ वारसा, ८ अल्पवयीन आरोपी. नावापुढे पाच खटले बघून घाम फुटतो, आणि नीट पाहिलं तर त्यात तीन क्रमांकाचा एक घटस्फोट आणि दोन क्रमांकाचे चार पैशांचे दावे निघतात. फेलनी शोधत असाल तर मधे १ असलेलेच बघा. आठचे खटले बरेचदा मोहोरबंद (लोकांना बघायला बंद) असतात आणि त्यांच्या मागे लागण्याचं सहसा कारणही नसतं.

भारतातल्या ई-कोर्ट्सवर सीएनआर नंबर टाकला की देशातल्या कुठल्याही जिल्ह्यातला खटला उघडतो. अमेरिकेत राज्यांच्या कोर्टांना जोडणारा असा सामाईक नंबर नाही. काउंटी बदलली की आकड्यांची भाषाही बदलते.

रोजनाम्यातले कुठले कागद घ्यायचे

किंग काउंटीत प्रत्येक कागदाला 'सब नंबर' असतो, म्हणजे फाइलमधला त्याचा क्रम. साध्या खटल्यातही पन्नास-साठ कागद सहज होतात, आणि त्यातले बहुतेक तारीख पुढे ढकलल्याचे हुकूम. सगळे विकत घेऊ नका. चार पुरतात.

'इन्फर्मेशन' या भोळ्या नावाचा कागद म्हणजे सरकारी वकिलाचं आरोपपत्र. त्यात कलमं आणि घटनेची तारीख असते. 'अमेंडेड इन्फर्मेशन' असेल तर तोही घ्या, कारण कबुलीच्या सौद्यात आरोप बदलतात आणि माणूस दोषी ठरतो तो बदललेल्या आरोपावर.

'सर्टिफिकेशन फॉर डिटर्मिनेशन ऑफ प्रॉबेबल कॉज' हा लांबलचक नावाचा कागद आरोपपत्राला जोडलेला असतो. काय घडलं याची पोलिसांची हकीकत त्यात सापडते. ती एका बाजूची हकीकत आहे आणि कोर्टात अजून काहीच शाबीत झालेलं नसतं, हे विसरू नये. वर्तमानपत्रातल्या बातम्या बहुधा याच कागदावरून होतात.

'स्टेटमेंट ऑफ डिफेंडंट ऑन प्ली ऑफ गिल्टी' म्हणजे कबुलीजबाब. यातलं एक खास वॉशिंग्टनी प्रकरण माहीत असलेलं बरं. १९८४ च्या 'बार' खटल्यानंतर इथे आरोपीला अशा बदललेल्या आरोपाची कबुली देता येते ज्याला प्रत्यक्ष घटनेचा आधार नाही. मूळ आरोपाला आधार असला आणि आरोपीला सगळं समजलेलं असलं, की झालं. त्यामुळे शिक्षापत्रावरचं गुन्ह्याचं नाव आणि घडलेली गोष्ट जुळत नाही, असं होऊ शकतं. तिथे कारकुनाची चूक शोधत बसू नका.

चौथा आणि सगळ्यांत वजनदार कागद म्हणजे 'जजमेंट अँड सेंटेन्स', थोडक्यात शिक्षापत्र. हा फाइलमध्ये नसेल, तर शिक्षा झालेली नाही. त्याऐवजी 'ऑर्डर ऑफ डिसमिसल' असेल तर खटला काढून टाकला. दोन्ही नसतील तर एकतर तो चालू आहे, आरोपी निर्दोष सुटलाय, किंवा तो तारखेला आला नाही आणि पकड वॉरंट निघालंय.

शिक्षापत्र कसं वाचायचं

सुरुवातीच्या पानांवर 'करंट ऑफेन्स' असा भाग येतो. दोषी ठरलेली कलमं तीच, बाकी सगळं आरोप म्हणून विरून गेलेलं. त्यानंतर शिक्षेच्या हिशोबाचं कोष्टक: गुन्हेगाराचे गुण, गंभीरतेची पातळी, आणि महिन्यांमध्ये दिलेली प्रमाण शिक्षेची मर्यादा. गुण शून्य असतील तर आधीचा हिशोबात धरण्याजोगा गुन्हा नाही. गुण असतील तर परिशिष्ट 'बी' उघडा. आधीच्या गुन्ह्यांची यादी तिथे असते, कधीकधी दुसऱ्या राज्यातलीसुद्धा. एवढी माहिती आयती देणारं दुसरं पान फाइलमध्ये नाही.

शिक्षेच्या आकड्यात 'बारा महिने आणि एक दिवस' असं विचित्र माप अनेकदा दिसेल. वर्षाच्या आतली कैद काउंटीच्या तुरुंगात भोगायची असते, आणि वर्षावर एक दिवस जरी गेला तरी माणूस राज्याच्या तुरुंग खात्याकडे जातो. सगळी करामत त्या एका दिवसाची. अशा माणसाची नोंद मग तुरुंग खात्याच्या यादीतही शोधता येते.

शेवटाकडे बोटांच्या ठशांचं पान असतं. फेलनीच्या शिक्षापत्रावर ठसे घेणं कायद्याने बंधनकारक आहे. त्याच पानावर जन्मतारीख आणि राज्याचा ओळख क्रमांक असतो. तुमच्या कागदावरची जन्मतारीख जुळवायची ती इथे. नाव आणि वय जुळतंय असं वाटून निकाल लावू नका. तारीख, महिना, साल तिन्ही जुळले तरच माणूस तोच.

नक्कल आणि तिचा खर्च

दर राज्याच्या कायद्याने ठरलेले आहेत. इलेक्ट्रॉनिक प्रत पानाला २५ सेंट, कागदी प्रत पानाला ५० सेंट, सही-शिक्क्याची नक्कल पहिल्या पानाला ५ डॉलर आणि पुढच्या प्रत्येक पानाला १ डॉलर. नऊ पानांचं शिक्षापत्र धरलं तर इलेक्ट्रॉनिक प्रत सव्वादोन डॉलरला, कागदी साडेचारला आणि सही-शिक्क्याची तेरा डॉलरला पडते. नुसतं माहितीसाठी बघायचं असेल तर सव्वादोन डॉलर पुरे. सरकारी अर्जाला जोडायचं असेल तर शिक्काच लागतो.

एक पैसाही न देता वाचायचं असेल तर क्लार्कच्या ऑफिसात जाऊन तिथल्या संगणकावर वाचता येतं. सिएटलला किंग काउंटी कोर्टहाउस, ५१६ थर्ड अव्हेन्यू, सहावा मजला. दक्षिणेकडच्यांना केंटचं मॅलेंग रीजनल जस्टिस सेंटर जवळ पडतं. दारावर विमानतळासारखी तपासणी होते, खिशातला छोटा चाकू घरी ठेवून जा. खटला केंटचा असला तरी कागद संगणकावर असल्याने सिएटलला बसून वाचता येतो.

नावावरून तुम्हीच शोधून लेखी उत्तर द्या, असं क्लार्कला सांगितलं तर तासाला ३० डॉलरपर्यंत आकारणी होऊ शकते. नंबर आधी स्वतः शोधून जाण्याचा फायदा तो हा.

एक नेहमीचा गैरसमज. माहिती अधिकारासारखा 'पब्लिक रेकॉर्ड्स अ‍ॅक्ट' इथेही आहे, म्हणून काही जण कोर्टालाच तसा अर्ज पाठवतात आणि आठवडाभराने नकार घेऊन बसतात. खटल्याच्या फाइली त्या कायद्यात येत नाहीत, असं राज्याच्या सुप्रीम कोर्टाने १९८६ मध्येच सांगितलंय. कोर्टाचा कागद क्लार्ककडे मागायचा. पोलिसांचा अहवाल हवा असेल, तर मात्र त्या शहराच्या पोलिसांना या कायद्याखाली अर्ज करायचा. त्यांनी कामाच्या पाच दिवसांत काहीतरी उत्तर देणं बंधनकारक आहे. 'काहीतरी' म्हणजे बरेचदा पुढची तारीखच.

काहीच सापडलं नाही तर

रिकामं पान म्हणजे स्वच्छ माणूस, असं लगेच म्हणू नका. कारणं बरीच असतात.

आरोप अजून दाखल झालेले नसतील. बहुतेक फेलनींना दाखल करायची मुदत तीन वर्षांची आहे, आणि कोठडीत नसलेल्या माणसावर महिन्यांनी समन्स निघाल्याची उदाहरणं कमी नाहीत.

खटला केंद्र सरकारचा असेल: बँकेची फसवणूक, व्हिसा घोटाळा वगैरे. तो 'पेसर' या प्रणालीत शोधायचा. पानाला १० सेंट, एका कागदाला जास्तीत जास्त ३ डॉलर, आणि तीन महिन्यांचं बिल ३० डॉलरपर्यंतच राहिलं तर माफ. चार कागद बघणाऱ्याला ते फुकटच पडतं. सिएटलच्या फेडरल कोर्टाचे फौजदारी नंबर २ ने सुरू होतात, टॅकोमाचे ३ ने.

खटला फार जुना असेल. काउंटीच्या जुन्या न्यायालयीन कागदांपैकी बरेच वॉशिंग्टन स्टेट आर्काइव्ह्जच्या प्युजेट साउंड शाखेत आहेत, आणि ती बेलव्ह्यू कॉलेजच्या आवारात आहे. बेलव्ह्यूत राहणाऱ्यांना ती दारात असून बहुतेकांना पत्ता नसतो.

किंवा खटला मोहोरबंद असेल, नाहीतर दुसऱ्या राज्यातला असेल. राज्यभरच्या शिक्षा एकत्र बघायच्या असतील तर वॉशिंग्टन स्टेट पट्रोलची, म्हणजे राज्याच्या पोलिसांची, 'वॉच' ही सेवा आहे: नाव आणि जन्मतारीख टाकून ११ डॉलरला एक शोध. ती शिक्षा दाखवते, निर्दोष सुटलेले किंवा काढून टाकलेले खटले दाखवत नाही. म्हणजे ती कोर्टाच्या फाइलीला पूरक आहे, पर्याय नव्हे. नॅनीसाठी दोन्ही करा.

शिक्षा झाली, पण आता नाही

रोजनाम्याच्या शेवटी 'व्हेकेट' हा शब्द आला तर थांबून वाचा. 'सी' वर्गाची शिक्षा कैद आणि त्यानंतरची देखरेख संपल्यापासून पाच वर्षांनी आणि 'बी' वर्गाची दहा वर्षांनी रद्द करून घेता येते. काही हिंसक गुन्हे वगळलेत आणि 'ए' वर्गाला ही सवलतच नाही. रद्द झाल्यावर तो माणूस नोकरीच्या किंवा घराच्या अर्जावर 'मला शिक्षा झालेली नाही' असं कायदेशीरपणे लिहू शकतो. फाइल मात्र आपोआप मोहोरबंद होत नाही. म्हणून पोर्टलवर जुनं शिक्षापत्र दिसतं आणि माणूस खोटं बोलला असं वाटतं. तो खोटं बोललेला नसतो, तुम्ही शेवटचा कागद वाचलेला नसतो.

अमली पदार्थ जवळ बाळगल्याच्या जुन्या फेलनींचं तर वेगळंच. २५ फेब्रुवारी २०२१ ला राज्याच्या सुप्रीम कोर्टाने 'ब्लेक' खटल्यात ते कलमच घटनाबाह्य ठरवलं, कारण नकळत जवळ असलेल्या वस्तूबद्दलही त्यात शिक्षा होत होती. त्यानंतर या कलमाखालच्या जुन्या शिक्षा ठिकठिकाणी रद्द झाल्या. २०२३ पासून तो गुन्हा ग्रॉस मिसडिमिनर आहे. 'ब्लेक'च्या आधीची अशी नोंद दिसली तर रद्द झाल्याचा हुकूम शोधा. किंग काउंटीचं ड्रग कोर्ट १९९४ पासून चालू आहे. तिथला कार्यक्रम पुरा करणाऱ्याचे आरोप काढून टाकले जातात, त्यामुळे आरोपपत्र आहे पण शिक्षापत्र नाही, अशा फाइली तिथल्या असू शकतात.

अपीलही बघायला हवं. रोजनाम्यात 'नोटीस ऑफ अपील' असेल तर कोर्ट ऑफ अपील्सच्या सिएटलच्या पहिल्या विभागात काय झालं ते राज्याच्या साइटवर तपासा.

सापडलेल्या माहितीचं काय करता येतं

कागद सार्वजनिक आहे म्हणून त्यावरून वाटेल तो निर्णय घेता येतो असं नाही. सिएटल शहराच्या हद्दीत घरमालकाने गुन्ह्याच्या इतिहासावरून भाडेकरू नाकारण्यावर कडक निर्बंध आहेत. २०२३ मध्ये फेडरल अपील कोर्टाने त्या नियमातली विचारण्याची बंदी रद्द केली, नाकारण्याची ठेवली. स्वतः राहत असलेल्या घरातली खोली देणाऱ्याला त्यातून सूट आहे. हे झालं सिएटलपुरतं, बेलव्ह्यू-रेडमंडला हा शहरी नियम लागू नाही.

नोकरीच्या बाबतीत राज्याचा 'फेअर चान्स अ‍ॅक्ट' अर्जाच्या पहिल्याच पायरीवर गुन्ह्याबद्दल विचारू देत नाही. मुलांपाशी एकटं राहण्याच्या कामाला तो लागू नाही, त्यामुळे नॅनीला सुरुवातीलाच विचारता येतं. तपासणी कंपनीमार्फत करणार असाल तर फेडरल कायद्याप्रमाणे उमेदवाराची लेखी संमती आधी घ्यायची. नकार त्या अहवालावरून देणार असाल, तर अहवालाची प्रतही त्याला द्यायची.

स्वतःचाच खटला इमिग्रेशनसाठी काढताना

ग्रीन कार्ड आणि नागरिकत्वाच्या अर्जात खटला काढून टाकला गेला असला तरी तो सांगावा लागतो आणि कोर्टाचा सही-शिक्क्याचा निकाल जोडावा लागतो. 'रद्द झाला, आता कशाला सांगायचा' हा सल्ला मित्रमंडळींत सर्रास मिळतो आणि तो घातक आहे. वर सांगितलेली पाच-दहा वर्षांनंतरची रद्द करण्याची सवलत राज्याच्या कामांपुरती. इमिग्रेशन कायद्याच्या नजरेत ती शिक्षा तशीच राहते. मूळ खटल्यातच कायदेशीर दोष होता म्हणून ती रद्द झाली असेल, तर गोष्ट वेगळी. म्हणून रद्द केल्याच्या हुकुमाबरोबर तो कशासाठी मागितला होता तो अर्जही काढा. वकील पहिल्यांदा तोच विचारतो.

दिवसांच्या आकड्याकडेही बारकाईने बघा. काही गुन्ह्यांत एक वर्षाची शिक्षा झाली की, ती स्थगित असली तरी, इमिग्रेशन कायद्यात गुन्हा वेगळ्याच गटात जातो. याच कारणाने वॉशिंग्टनने २०११ मध्ये ग्रॉस मिसडिमिनरची कमाल शिक्षा ३६५ वरून ३६४ दिवसांवर आणली. जुन्या शिक्षापत्रावर ३६५ दिसले तर ते पान सगळ्यात आधी वकिलाला पाठवा, आणि त्याआधी कुठलाही अर्ज भरू नका.

काढायचे कागद: आरोपपत्र आणि त्याच्या सगळ्या दुरुस्त्या, कबुलीजबाब, शिक्षापत्र किंवा खटला काढून टाकल्याचा हुकूम, आणि पूर्ण रोजनामा. शिक्षापत्राच्या किंवा हुकुमाच्या सही-शिक्क्याच्या दोन नकला घ्या, एक अर्जासाठी आणि एक घरच्या फाइलीला. आरोप दाखलच झाले नसतील तर सुपिरिअर कोर्टाकडे देण्यासारखा कागद नसतो. तेव्हा क्लार्ककडून 'या नावाने नोंद सापडली नाही' असं लेखी घ्या आणि पोलिसांकडून अटकेचा अहवाल मागवा. हाच कागद भारतातल्या एखाद्या कामाला लागणार असेल तर शिक्क्याच्या नकलेवर राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या कार्यालयातून अपोस्टिल, म्हणजे परदेशात चालणारं प्रमाणपत्र, घ्यावं लागतं. त्यासाठी नक्कल ताजी आणि क्लार्कच्या मूळ सहीची हवी. पोर्टलवरून छापलेली पानं तिथे परत येतात.